पट्टी बसली, पण यंत्र उठेना
जुन्या संगणकासाठी मेमरी निवडताना

"बसली नाही तर परत घेईन," असे दुकानदाराने बिलाच्या मागे स्वतःच्या हाताने लिहून दिले होते. तो कागद खिशात घालून आम्ही रॅमच्या दहा पट्ट्यांसह बीबीला पोहोचलो. बीबी हे बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातले गाव. तिथल्या एका शाळेच्या संगणक खोलीत दहा जुनी यंत्रे आहेत आणि प्रत्येकात ४ जीबीची एक पट्टी घालायची, असा आमचा बेत होता. तीन यंत्रांत पट्टी बसलीच नाही. उरलेल्या सातांत ती खटकन बसली आणि त्या सातांपैकी एकही यंत्र उठले नाही. पंखा फिरतो आहे, पडदा काळा आहे आणि आतून ठरावीक अंतराने शिटीसारखा आवाज येतो आहे, एवढेच.

दुकानदार सज्जन होता. बसल्या नाहीत त्या तीन पट्ट्या त्याने मुकाट्याने परत घेतल्या. सातांकडे बोट दाखवून मात्र म्हणाला, "सर, या तर बसल्यात की!"

त्याचे म्हणणे बिनतोड होते. चूक आमची होती. आम्ही दुकानात जाऊन 'डीडीआर थ्रीची चार जीबी' एवढेच मागितले होते आणि त्याने नेमके तेच दिले होते. पैसे माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीचे. शाळेत यंत्रे भंगारात काढण्याचा ठराव लिहून तयार होता, तो आम्हीच 'थोडे थांबा' म्हणून अडवला होता. त्यामुळे त्या संध्याकाळी खोलीत उभे राहताना आमची काय अवस्था झाली असेल, हे शिक्षक वाचकांना सांगायला नको.

केंद्र सरकारची शाळांसाठीची आयसीटी योजना डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली आणि २०१० मध्ये तिला सुधारित रूप मिळाले. त्या सुमारास, या योजनेतून किंवा अन्य मार्गांनी, शाळाशाळांत संगणक आले. त्यांतले कितीतरी आज चादरीखाली झाकलेले आहेत. बिघडलेले नाहीत, फक्त असह्य मंद झालेले आहेत. त्यांच्यासाठी मेमरी घ्यायला निघण्यापूर्वी काय पाहावे, हे आम्हाला बीबीत चूक करून कळले. तेच इथे मांडत आहोत.

फळा आणि वही

रॅम म्हणजे वर्गातला फळा आणि हार्ड डिस्क म्हणजे वही, असे समजा. प्रोसेसर फक्त फळ्यावरचे वाचू शकतो. वहीतले काही हवे असेल तर ते आधी फळ्यावर लिहावे लागते. तास संपला की फळा पुसतात, तशी वीज गेली की रॅम कोरी होते. वहीतले मात्र राहते.

आता फळा लहान असेल तर? उदाहरण अर्ध्यावर आले की जागा संपते. मग वरच्या चार ओळी वहीत उतरवून घ्यायच्या, पुसायच्या, पुढचे लिहायचे आणि ते जुने आकडे पुन्हा लागले की दुसऱ्या चार ओळी पुसून ते वहीतून परत फळ्यावर आणायचे. रॅम अपुरी पडली की संगणक हेच करत बसतो. हिशेब बरोबर येतो, पण सगळा वेळ उतरवण्यात आणि पुसण्यात जातो.

किती वेळ? जुन्या यंत्राला रॅममधून एखादा आकडा मिळवायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात असे धरू. फिरत्या हार्ड डिस्कवरून तो शोधून आणायला सुमारे १० मिलिसेकंद लागतात. भागाकार विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. उत्तर एक लाख येते. म्हणजे फळ्याकडे पाहायला १ सेकंद लागत असेल, तर वही उघडायला १ लाख सेकंद. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. अर्थात वही उघडायची म्हणजे आज गेलेला माणूस उद्या येणार. मंद यंत्राचे सारे दुखणे या एका गुणोत्तरात आहे.

फळ्याच्या उपमेत एक उणीव आहे, ती सांगून टाकतो. फळ्यावरचा खडू पुसेपर्यंत राहतो. रॅममधली अक्षरे मात्र आपोआप फिकट होत जातात. प्रत्येक बिटसाठी रॅममध्ये एक अतिसूक्ष्म संधारित्र असते आणि त्याला एक ट्रान्झिस्टर तोटीसारखा जोडलेला असतो. संधारित्रात विद्युतभार असला तर १, नसला तर ०. पण हे संधारित्र मातीच्या माठासारखे पाझरते. म्हणून माठ पुरता रिकामा होण्याआधी तो तपासून पुन्हा भरावा लागतो. नेहमीच्या रॅममध्ये प्रत्येक बिट ६४ मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाला सुमारे १५ वेळा, असा ताजा केला जातो. एक ट्रान्झिस्टर आणि एक संधारित्र ही युक्ती आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची. तिचे पेटंट त्यांना १९६८ मध्ये मिळाले. १९७० मध्ये इंटेलने अशी वारंवार ताजी करावी लागणारी मेमरी चिप बाजारात आणली, तीत १,०२४ बिट मावत.

थोडे विषयांतर, पण वर्गात सांगण्याजोगे आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या 'टिफ्रॅक' या संगणकाची मेमरी चुंबकीय मण्यांची होती. तीत प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. गुणाकार करून ८ ने भागले की १०,२४० बाइट येतात. आमच्या खिशातल्या एका पट्टीत ४,२९,४९,६७,२९६ बाइट होते, म्हणजे टिफ्रॅकच्या ४ लाख १९ हजार पट. पण टिफ्रॅकचे मणी वीज गेल्यावरही आपले म्हणणे विसरत नसत.

दुखणे मेमरीचेच आहे ना?

खर्च करण्यापूर्वी हे पाहायला हवे. यंत्र सुरू करून रोजचे काम उघडा: ब्राउझर, त्यात दोन-तीन पाने, एखादा मराठी मजकूर. विंडोज असेल तर टास्क मॅनेजरमध्ये आणि लिनक्स असेल तर सिस्टिम मॉनिटरमध्ये मेमरी किती वापरली जाते ते दिसते. आकडा कायम कमाल पातळीला टेकलेला आणि कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा दिवा सतत लुकलुकतो आहे, अशी स्थिती असेल तर फळा लहान पडतो आहे. मेमरी निम्मी मोकळी असूनही यंत्र रखडत असेल तर मात्र डिस्क खराब होत आली असेल किंवा प्रोसेसरच कमी पडत असेल, आणि नवी पट्टी घालून काही सुधारणार नाही.

दुसरी गोष्ट फुकटची आहे. यंत्र बंद करून, प्लग काढून, जुनी पट्टी बाहेर घ्या आणि तिचे सोनेरी दात साध्या खोडरबरने हलक्या हाताने घासा. चुरा झटकून पट्टी पुन्हा बसवा. धुळीच्या आणि दमट हवेच्या थराने दातांचा संपर्क सुटलेला असतो, तो जुळतो. 'मेलेली' म्हणून कोपऱ्यात टाकलेली यंत्रे एवढ्यानेही उठतात. पट्टी बाहेर आलीच आहे तर तिच्यावरचे लेबल उतरवून घ्या. ते पुढे लागणार आहे.

खाच काय सांगते

तीन यंत्रांत पट्टी का बसली नाही, हे कळायला वेळ लागला नाही. बाहेरून दहाही यंत्रे सारखी दिसत होती, पण झाकण काढल्यावर आत दोन प्रकारचे मदरबोर्ड निघाले. तिघांत इंटेलच्या जी३१ संचाचा बोर्ड होता आणि त्याचे स्लॉट डीडीआर २ पट्टीचे होते. सातांत जी४१ संचाचा बोर्ड होता आणि त्यावर डीडीआर ३ चालत होती. आम्ही एकच यंत्र उघडून पाहिले होते. एका विद्यार्थ्याची वही तपासून वर्गाला गुण देण्यासारखेच झाले हे.

डीडीआरच्या पिढ्या एकमेकींशी जुळत नाहीत. प्रमाणके ठरली ती वर्षे ढोबळमानाने अशी: पहिली डीडीआर २०००, दुसरी २००३, तिसरी २००७, चौथी २०१२ आणि पाचवी २०२०. त्यांना लागणारा विद्युतदाबही पिढीगणिक उतरत गेला: २.५, १.८, १.५, १.२ आणि १.१ व्होल्ट. मोठ्या संगणकाच्या पट्टीला पहिल्या पिढीत १८४ दात होते, दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीत २४०, चौथ्या-पाचव्या पिढीत २८८. लॅपटॉपची पट्टी निम्म्या लांबीची असते आणि तिचे दात पिढीनुसार २००, २००, २०४, २६० आणि २६२. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीत दात सारखेच, २४०, आहेत; पण दातांच्या रांगेतली खाच काही मिलिमीटर सरकवलेली आहे. ती स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळली नाही तर पट्टी आत जातच नाही. १.५ व्होल्टची पट्टी १.८ व्होल्टच्या स्लॉटात चुकूनही जाऊ नये म्हणून केलेली ही सोय आहे. म्हणून पट्टी बसत नसेल तर जोर कधीही लावू नये. बसत नाही याचा अर्थ ती नकोच आहे.

खाच इतकेच बोलते, पिढी कोणती एवढेच. बाकीच्या प्रश्नांबद्दल ती गप्प असते. आमचा गोंधळ या गप्प राहण्यातून झाला.

वरची मर्यादा

मेमरी कितीही वाढवता येत नाही. मर्यादा दोन ठिकाणी येते. पहिली कार्यप्रणालीत. ३२ बिटांच्या पत्त्यात २ चा ३२ वा घात इतकीच ठिकाणे दाखवता येतात, म्हणजे बरोबर ४ जीबी. त्यातलाही काही भाग चित्रपडदा आणि इतर उपकरणांच्या पत्त्यांसाठी राखीव जातो. म्हणून ३२ बिटांच्या विंडोजवर ४ जीबी घातली तरी साधारण ३ ते साडेतीन जीबीच हाती लागते. बीबीच्या यंत्रांचे प्रोसेसर ६४ बिटांचे आहेत, पण त्यांवर विंडोज ७ ची ३२ बिटांची आवृत्ती घातलेली होती. हा दोष प्रणाली बदलून जातो.

दुसरी मर्यादा बोर्डाची, आणि ती बदलत नाही. मेमरीला पत्ते पाठवणारे नियंत्रक मंडल त्या काळच्या इंटेलच्या यंत्रांत प्रोसेसरबाहेर, बोर्डावरच्या मोठ्या चिपमध्ये असे. एएमडीने ते २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ पासून प्रोसेसरच्या पोटात नेले. तेव्हा या यंत्रांत प्रश्न प्रोसेसरला विचारायचा नाही, बोर्डाला विचारायचा. जी३१ ची कमाल ४ जीबी, दोन स्लॉटांत दोन-दोन. जी४१ ची ८ जीबी. बोर्डाचे नाव त्याच्या अंगावरच छापलेले असते. झाकण उघडायचे नसेल तर विंडोजवर 'सीपीयू-झेड' हा मोफत प्रोग्राम बोर्डाचे नाव, संचाचे नाव आणि प्रत्येक स्लॉटातल्या पट्टीची माहिती दाखवतो. लिनक्सवर 'डीएमआयडीकोड' ही आज्ञा तेच काम करते. मात्र ती सांगते ती कमाल मर्यादा जुन्या बोर्डांवर नेहमी खरी असतेच असे नाही. बोर्डाच्या माहितीपुस्तिकेतला आकडा प्रमाण मानावा.

हे सारे पाहूनही आमचे कोडे तसेच राहिले. बोर्ड डीडीआर ३ चा, पट्टी डीडीआर ३ ची. कमाल ८ जीबी, आम्ही घातली ४. मग शिटी कसली?

आठ की सोळा

उत्तर एका दहावीच्या मुलीच्या नजरेस आधी पडले. टेबलावर जुनी २ जीबीची पट्टी आणि आमची नवी ४ जीबीची पट्टी शेजारीशेजारी होत्या. "सर, मोठी जास्त आहे ना? मग जुनीवर दोन्हीकडून चिपा आहेत आणि नवीवर एकाच बाजूला कशा?" असे तिने विचारले. मोजले तर जुनीवर १६ आणि नवीवर ८.

आता हिशेब पाहा. संगणक पट्टीकडून एका वेळी ६४ बिट घेतो. या पट्ट्यांवरची प्रत्येक चिप एका वेळी ८ बिट देते, म्हणून आठ चिपांचा एक संच लागतो. जुन्या २ जीबीच्या पट्टीवर असे दोन संच होते आणि प्रत्येक चिप १ गिगाबिटची होती: १६ गुणिले १ म्हणजे १६ गिगाबिट, भागिले ८, म्हणजे २ जीबी. आमच्या पट्टीवर एकच संच होता आणि तरी ती ४ जीबीची होती. ८ चिपांत ३२ गिगाबिट बसवायचे तर प्रत्येक चिप ४ गिगाबिटची हवी. ४ जीबी दोन प्रकारे करता येते, २ गिगाबिटच्या १६ चिपा किंवा ४ गिगाबिटच्या ८ चिपा. कार्यप्रणालीच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच. जी४१ च्या दृष्टीने मात्र एक ओळखीची आणि दुसरी अनोळखी.

कारण पत्त्यात आहे. चिपच्या आत बिटांची मांडणी रांगा आणि स्तंभ अशी असते, आणि असे आठ कप्पे असतात. २ गिगाबिटच्या चिपमध्ये प्रत्येक कप्प्यात ३२,७६८ रांगा असतात. रांगेचा क्रमांक सांगायला १५ बिट पुरतात, कारण २ चा १५ वा घात ३२,७६८. ४ गिगाबिटच्या चिपमध्ये रांगा दुप्पट, ६५,५३६. त्यांना १६ वा बिट लागतो. जी४१ घडवला गेला तेव्हा २ गिगाबिटपर्यंतच्याच चिपा हिशेबात धरलेल्या होत्या. हजेरीपटावर पटक्रमांकासाठी दोनच चौकटी छापलेल्या असल्या की शंभरावा विद्यार्थी वर्गात बसलेला असूनही पटावर येत नाही, तसे हे.

मग यंत्र सुरूच का होत नाही? प्रत्येक पट्टीवर मोठ्या चिपांखेरीज एक चिमुकली चिप असते. तीत त्या पट्टीची कुंडली असते: पिढी, चिपांचा आकार, रांगा-स्तंभांची संख्या, वेग. यंत्र सुरू होताना बायोस पहिल्यांदा ती वाचतो. मांडता न येणारा आकार दिसला की पुढे जात नाही आणि पडदा अजून जागा झालेला नसल्यामुळे तक्रार आवाजाने करतो. काही बोर्डांवर यंत्र सुरू होते पण निम्मीच मेमरी दिसते. खराबी पट्टीत नाही, यंत्रातही नाही. दोघांची जोडी जमत नाही.

ही अडचण फक्त जी४१ ची नाही. प्रत्येक पिढीच्या सुरुवातीच्या बोर्डांना त्या पिढीच्या शेवटी निघालेल्या मोठ्या चिपा माहीत नसतात. म्हणून जुन्या यंत्राला 'नवी कोरी' पट्टी घेणे नेहमीच शहाणपणाचे नसते. त्याच्या वयाची पट्टी अधिक भरवशाची.

लेबल वाचण्याची कला

चिपा मोजणे सोपे आहे, पण पट्टीवर धातूचे आवरण असले तर दिसत नाही. तेव्हा लेबल वाचावे. ते रोमन लिपीत असते. आम्ही इथे नागरीत देतो. सॅमसंग, हायनिक्स यांसारख्यांच्या पट्टीवर साधारण असे असते: '४जीबी २आर×८ पीसी३-१०६००यू'. यातला '२आर' म्हणजे दोन संच आणि '×८' म्हणजे दर चिपेचे ८ बिट. आमच्या सात पट्ट्यांवर '१आर×८' होते. अक्षर डोळ्यांसमोर होते, अर्थ माहीत नव्हता.

'पीसी३' म्हणजे तिसरी पिढी. '१०६००' हा वेग. डीडीआर ३-१३३३ आणि पीसी३-१०६०० ही एकाच पट्टीची दोन नावे आहेत: सेकंदाला १,३३३ दशलक्ष खेपा, दर खेपेला ८ बाइट, गुणाकार सुमारे १०,६६६ मेगाबाइट. त्याच हिशेबाने डीडीआर २-८०० म्हणजे पीसी२-६४००. एका दुकानात एक नाव आणि दुसऱ्यात दुसरे ऐकून गोंधळू नये. 'पीसी३एल' असे असेल तर ती १.३५ व्होल्टची. अशी पट्टी १.५ व्होल्टच्या यंत्रातही सहसा चालते. उलट मात्र होत नाही: २०१३ नंतरच्या अनेक लॅपटॉपना १.३५ चीच लागते, आणि दोन्हींची खाच एकाच जागी असल्यामुळे चुकीची पट्टी बिनबोभाट आत जाते.

शेवटचे अक्षर फार महत्त्वाचे. 'यू' म्हणजे साधी, आपल्या टेबलावरच्या यंत्राची. 'एस' म्हणजे लॅपटॉपची. 'आर' म्हणजे सर्व्हरची. मोठ्या कंपन्यांतून काढलेल्या सर्व्हरच्या पट्ट्या जुन्या बाजारात फार स्वस्त मिळतात, डीडीआर ३ च्या स्लॉटात व्यवस्थित बसतात आणि साध्या बोर्डावर चालत नाहीत. त्यांच्यावर आठाच्या जागी नऊच्या पटीत चिपा असतात. नववी चूक शोधण्यासाठी असते. डीडीआर २ मध्ये आणखी एक सापळा आहे. ४ जीबीच्या काही स्वस्त पट्ट्या केवळ एएमडीच्या यंत्रांवर चालतात आणि तसे बारीक अक्षरात लिहिलेले असते.

वेगाची काळजी सर्वांत कमी करावी, असे आमचे मत आहे. जास्त वेगाची पट्टी कमी वेगाच्या यंत्रात घातली तर ती यंत्राच्या वेगाने चालते. दोन वेगांच्या पट्ट्या एकत्र असतील तर दोघी संथ पट्टीच्या चालीने जातात. दोन सारख्या पट्ट्या घातल्या तर नियंत्रक दोन वाटांनी मेमरी वाचू शकतो आणि थोडा लाभ होतो. पण वहीकडे जाण्याचा एक लाख सेकंदांचा हेलपाटा वाचवणे यापुढे हे सारे किरकोळ आहे.

लिपिकाचा प्रश्न

आता सात पट्ट्यांचे काय करायचे? नव्या मेमरीच्या किमती २०२५ च्या उत्तरार्धात भराभर चढल्या होत्या, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरना लागणाऱ्या मेमरीकडे कारखान्यांचा ओढा वळला होता. पुन्हा वर्गणी मागण्याचे धैर्य आम्हाला नव्हते.

वाट हिशेबातूनच निघाली. आमची आठ चिपांची पट्टी जी४१ ला नको असली, तरी २०११ नंतरच्या एच६१ संचाच्या बोर्डांना ती चालते. आणि त्या सुरुवातीच्या यंत्रांत बऱ्याचदा सोळा चिपांच्या ४ जीबीच्या पट्ट्या असतात, ज्या आम्हाला हव्या होत्या. शेजारच्या गावातल्या एका शाळेत अशी पाच यंत्रे मिळाली. पाच पट्ट्यांची अदलाबदल ठरली.

तिथल्या लिपिकाने साठा नोंदवही पुढे ओढली आणि थांबला. "४ जीबी डीडीआर ३ देऊन ४ जीबी डीडीआर ३ घेतली, असं लिहू? दोन्ही सारख्याच, तर बदलता कशाला?" रास्त प्रश्न होता. वर्षाअखेर लेखापरीक्षकही तोच विचारणार. शेवटी शेऱ्याच्या रकान्यात 'चिपांची संख्या ८ ऐवजी १६' असे लिहिले गेले. साठा नोंदवहीत असा शेरा यापूर्वी कुठे झाला असेल, असे वाटत नाही.

पट्ट्या बसवताना हिवाळा होता. कोरड्या हवेत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, ते स्थिर विद्युतभाराचे काम. आपल्याला जाणवणारा असा झटका हजारो व्होल्टचा असतो. प्रवाह अत्यल्प म्हणून आपण वाचतो, पण चिप त्याहून कितीतरी कमी दाबाने निकामी होऊ शकते. म्हणून प्लग काढून सुरू करण्याचे बटण एकदा दाबून धरायचे, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगावरचा भार उतरवायचा आणि पट्टी फक्त कडांनी धरायची. मुलांनी हे आमच्यापेक्षा काटेकोरपणे केले. दोन्ही टोकांच्या कड्या आपोआप वर येऊन खटका वाजला की पट्टी बसली.

मग 'मेमटेस्ट८६ प्लस' या मोफत प्रोग्रामची निदान एक पूर्ण फेरी प्रत्येक यंत्रावर चालवली. वीज जाण्याच्या वेळा सांभाळून हे करावे लागले, दोन दिवस गेले. पण वापरलेल्या पट्टीसाठी ही तपासणी टाळू नये. सदोष मेमरी यंत्र बंद पाडते तेव्हा निदान कळते तरी. कधी ती मुकाट्याने एखादा आकडा बदलते, आणि तो आकडा गुणपत्रिकेतला असू शकतो.

अखेरचा ताळा असा जमला. सातांपैकी पाच यंत्रांत अदलाबदलीच्या ४ जीबीच्या पट्ट्या गेल्या. त्यांतल्या दोघांची मूळची २ जीबीची पट्टी काढून उरलेल्या दोन यंत्रांना दिली, म्हणजे त्यांची दोन अधिक दोन चार झाली. तीन यंत्रांवर मूळची पट्टी राहू दिल्याने ६ जीबी आहे. जी३१ च्या तीन यंत्रांत मुळात १ जीबी होती. दुकानदाराने परत दिलेल्या पैशांतून वापरलेल्या २ जीबीच्या डीडीआर २ पट्ट्या घेऊन त्यांची ३ जीबी केली. दहाही यंत्रांवर ६४ बिटांचे लिनक्स मिंट घातले. त्याला किमान २ जीबी लागते आणि ४ जीबीवर ते मोकळेपणाने चालते. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्येच संपला होता, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ या प्रोसेसरना स्वीकारत नाही. तेव्हा दुसरा मार्ग नव्हताच. ३ जीबीच्या यंत्रांवर ब्राउझरची फार पाने एकदम उघडायची नाहीत, अशी चिठ्ठी मुलांनी पडद्याच्या कडेला चिकटवली आहे.

आठ चिपांच्या दोन पट्ट्या उरल्या. त्या शिक्षकांच्या खणात आहेत. घातांकांचा पाठ आला की त्या वर्गात जातात, सोबत सोळा चिपांची एक जुनी पट्टी असते, आणि मुलांना चिपा मोजायला सांगितले जाते.